बाबांच्या बाजूला माणसंच नव्हती का?

(घराणी, वंशावळी आणि जुने कागद यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांचं सदर. उत्तरं देणारे सदरलेखक भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले आहेत.)

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यात असते. जावई कृष्णवर्णीय अमेरिकन आहेत. त्यांचं घराणं मूळचं दक्षिणेतलं, व्हर्जिनियाचं. नात दहा वर्षांची आहे. शाळेत तिला घराण्याचं झाड काढून न्यायचं होतं. आमच्या बाजूचं काम सोपं होतं. आमच्या ह्यांनी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीतून नामावळी कधीच उतरवून आणली होती, त्यामुळे नऊ पिढ्या निघाल्या. जावयांच्या बाजूला त्यांच्या आजीच्या बायबलात लिहिलेली नावं धरून १८७० पर्यंत पोचता आलं आणि तिथेच सगळं थांबलं. नातीने फोनवर विचारलं, "आजी, बाबांच्या बाजूला त्याआधी माणसंच नव्हती का?" मला उत्तर सुचलं नाही. जावई हसतात आणि विषय बदलतात. पुढे जायला काही वाट आहे का? – एक आजी, मिरज

उत्तर : ताई, तुमचं पत्र येऊन तीन महिने झाले. उशीर झाला, कारण उत्तर देण्याआधी मला तुमच्याकडून त्या बायबलाच्या पानाचा फोटो हवा होता. तो तुम्ही मुलीकडून मागवून पाठवलात, त्याबद्दल आभार. त्या पानाकडे मी शेवटी येतो.

नातीला आधी हे सांगा की माणसं होती, भरपूर होती, फक्त त्यांची नावं लिहायची सरकारला गरज वाटली नव्हती. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते. १८५० आणि १८६० साली गुलामांसाठी वेगळे तक्ते भरले गेले. त्यांत मालकाचं नाव आणि त्याखाली ओळीने वय, लिंग आणि रंग. पस्तीस, स्त्री, काळी. नऊ, पुरुष, मिश्र. नावाचा रकानाच नव्हता. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्याने गेली, आणि १८७० च्या जनगणनेत ही सगळी माणसं पहिल्यांदा नाव-आडनावासह उतरली. म्हणून तुमच्या जावयांचंच काय, दक्षिणेतल्या लाखो कृष्णवर्णीय घराण्यांचं झाड याच सालावर येऊन अडतं. तिथले वंशावळ शोधणारे त्याला '१८७० ची भिंत' म्हणतात.

भिंतीपलीकडे जाता येतं. मात्र आपल्याला सवय असते बापाकडून आजोबाकडे, आजोबाकडून पणजोबाकडे जायची. तिथे ती सवय सोडावी लागते. मी स्वतः तिथेच चुकलो होतो.

सहा वर्षांपूर्वी मुलाकडे रिचमंडला पाच महिने होतो. घरात बसून कंटाळा आला होता. शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहायचे, कृष्णवर्णीय, माझ्याच वयाचे. त्यांनाही पणजोबांच्या पलीकडे जायचं होतं. चौतीस वर्षं सातबारा, फेरफार आणि वारसनोंदी उलटल्याची मला घमेंड. म्हटलं, चला, मी शोधून देतो. दोघे काउंटीच्या कोर्टात गेलो. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा; मृत्युपत्रं, खरेदीखतं, मालमत्तेच्या याद्या तिथेच असतात. मी त्यांच्या आडनावाचा मालक शोधायला लागलो. दोन दिवस गेले. निष्पन्न काही नाही. शेवटी तिथल्या कारकून बाईंनी मला समजावलं की सुटका झाल्यावर लोकांनी शेवटच्या मालकाचंच आडनाव घेतलं असं नाही. काहींनी आधीच्या मालकाचं घेतलं, काहींनी बापाच्या मालकाचं, काहींनी मनाला आलं ते घेतलं. त्यांनी सल्ला दिला, आडनाव सोडा, बाई धरा.

बाई का? तर व्हर्जिनियात १६६२ साली कायदा झाला की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. इंग्लंडमध्ये वारसा बापाकडून चालायचा, इथे मुद्दाम उलटं केलं. मालकाला गुलाम बाईपासून मूल झालं तरी ते मूल बापाचं वारस न होता बापाची मालमत्ता झालं. त्यामुळे मालकाच्या वहीत कुणाला कुठलं मूल झालं हे काळजीने लिहिलेलं असतं, कारण मूल म्हणजे भर पडलेला माल. बापाचं नाव असेल तर असेल. मी ज्या याद्या पाहिल्या त्यांत आधी माणसं, मग बैल, मग पितळी किटली, आणि बाईच्या नावापुढे 'आणि तिचं मूल'. मी खात्यात असताना जनावरांच्या जप्तीच्या याद्या पाहिल्या होत्या. दुपारी बाहेर येऊन आम्ही दोघे पायरीवर बसलो. पोस्टमन साहेबांनी डबा उघडला नाही.

आता खरं उदाहरण देतो, कारण नुसत्या उपदेशाने नातीला काही दिसणार नाही. दक्षिणेतल्या ज्या गुलाम घराण्याची वंशावळ सगळ्यांत खोलवर शोधली गेली ते म्हणजे हेमिंग्ज. शार्लट्सव्हिलजवळच्या टेकडीवर मॉन्टिचेलो नावाची वास्तू आहे. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक थॉमस जेफरसन यांचं ते घर. मुलगा एका रविवारी मला तिथे घेऊन गेला.

घराण्याची मूळ बाई एलिझाबेथ हेमिंग्ज. जन्म १७३५ च्या सुमाराचा. आई आफ्रिकेतून आणलेली, बाप हेमिंग्ज आडनावाचा इंग्रज कप्तान. एलिझाबेथ पुढे जॉन वेल्स नावाच्या जमीनदाराकडे आली. वेल्सच्या तीन बायका एकामागून एक वारल्यावर एलिझाबेथला त्याच्यापासून सहा मुलं झाली, आणि त्यांतली धाकटी सॅली, जन्म १७७३. वेल्सची लग्नाची मुलगी मार्था ही जेफरसनची बायको. वेल्स त्याच साली वारला आणि १७७४ मध्ये वाटणी होऊन १३५ गुलाम जेफरसनच्या वाट्याला आले, त्यांत एलिझाबेथ आणि तिची मुलंही. म्हणजे जेफरसनच्या घरात त्याच्या बायकोची सावत्र भावंडं गुलाम म्हणून कामाला होती. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या दासींच्या मुलांची गोष्ट आठवली ना? मलाही आठवली. पण तुलना फार ताणायची नाही; विक्रीचा कागद हा फरक लहान नाही.

१७८७ साली जेफरसन पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील, म्हणजे राजदूत, होता. त्याच्या धाकट्या मुलीला पोचवायला चौदा वर्षांची सॅली पाठवली गेली. फ्रान्सच्या भूमीवर तिला स्वातंत्र्य मागता आलं असतं. तिच्या मुलाने पुढे सांगितलं की ती परत यायला तयार नव्हती. होणारी मुलं एकवीस वर्षांची झाली की सोडीन असं वचन जेफरसनने दिलं तेव्हा ती आली. मोठी झालेली तिची मुलं चार : बेव्हर्ली, हॅरिएट, मॅडिसन आणि एस्टन.

जेफरसनच्या शेताची वही आज छापून उपलब्ध आहे. तिच्यात सॅली, जन्म ७३, आणि तिच्या नावाखाली थोडं आत सरकवून मुलांची नावं आणि जन्मसालं. बापाचा पत्ता नाही. वही लिहिणारा हात जेफरसनचाच. मी हा कागद काचेआड पाहिला तेव्हा मला आमच्या खात्यातला एक तलाठी आठवला. सगळ्या गावाच्या वारसनोंदी वेळेवर करायचा, स्वतःच्या घरची मात्र त्याने कधी केली नाही.

बेव्हर्ली आणि हॅरिएट १८२२ मध्ये मॉन्टिचेलो सोडून गेले. वहीत त्यांच्या नावापुढे 'पळाले' अशा अर्थाची नोंद आहे. पण जेफरसनच्या मुकादमाने, एडमंड बेकनने, नंतर सांगितलं की हॅरिएटच्या प्रवासासाठी त्याने स्वतः ५० डॉलर दिले होते, तेही मालकाच्या सांगण्यावरून. दोघे गोऱ्या समाजात मिसळून गेले. आठ पणज्या-पणजोब्यांपैकी सात गोरे, आई मिश्र, बाप गोरा; कातडीवरून कुणी ओळखलं नसतं. मॅडिसनने म्हातारपणी सांगितलं की बहिणीने ज्या गोऱ्याशी लग्न केलं त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. ती फांदी आजतागायत सापडलेली नाही. एका वाक्याने भावाने बहिणीचा संसार वाचवला आणि आमच्यासारख्यांचं काम कायमचं बंद केलं.

जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी वारला. कर्ज लाखभर डॉलरच्या वर. मृत्युपत्राने त्याने पाच जणांना मुक्त केलं, पाचही हेमिंग्ज घराण्यातले, त्यांत मॅडिसन आणि एस्टन. सॅलीचं नाव त्यात नाही. तिला जेफरसनच्या मुलीने बोलाचालीने जाऊ दिलं आणि ती मुलांबरोबर शार्लट्सव्हिल गावात राहिली. आता गंमत बघा : १८३० च्या जनगणनेत हे घर गोरं म्हणून मोजलंय. तीन वर्षांनी स्वतंत्र कृष्णवर्णीयांची वेगळी मोजणी झाली, तिच्यात तीच सॅली मिश्रवर्णीय. बाई तीच, गाव तेच. ताई, म्हणून नातीला सांगा, 'रंग' या रकान्यात जे लिहिलं असेल त्यावर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही. लिहिणाऱ्याला त्या दिवशी काय दिसलं एवढंच ते असतं.

जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिचेलोवर लिलाव झाला. १३० माणसं विकायला काढली होती. पाच मुक्तांपैकी एक लोहार, जोसेफ फॉसेट, एलिझाबेथच्या थोरल्या मुलीचा, मेरीचा मुलगा. तो सुटला, पण त्याची बायको ईडिथ आणि मुलं लिलावात गेली. ईडिथ म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या निवासात फ्रेंच स्वयंपाक शिकलेली आचारीण. जोसेफने पुढची दहा वर्षं घण मारून बायको आणि काही मुलं विकत घेऊन परत आणली. अकरा वर्षांचा पीटर मात्र मिळाला नाही. तो मोठा होऊन सुटला, सिनसिनाटीला गेला, केटरिंगचा धंदा केला, बाप्टिस्ट धर्मोपदेशक झाला आणि १९०० साली म्हातारपणी मॉन्टिचेलो पाहायला आला, पाहुणा म्हणून. त्याच फॉसेट घराण्यातल्या एका मुलीच्या नातवाचं नाव विल्यम मन्रो ट्रॉटर. हार्वर्डमध्ये शिकला, १९०१ साली बॉस्टनमध्ये वर्तमानपत्र काढलं, आणि सरकारी कचेऱ्यांतल्या वर्णभेदावरून राष्ट्राध्यक्ष विल्सनच्या तोंडावर भांडून आला. एलिझाबेथ, मेरी, जोसेफ, ॲन-एलिझाबेथ, व्हर्जिनिया, विल्यम : सहा पिढ्या. नातीला हे झाड काढून दाखवा. वरच्या चार ओळींवर गुलामगिरीचा शिक्का आहे, खालच्या दोन ओळींवर नाही.

आता १८७० सालाकडे, जिथे तुमचं झाड अडलंय. मॅडिसन हेमिंग्ज तोवर ओहायोत, रॉस काउंटीत सुतारकाम आणि शेती करत होता. त्या साली जनगणनेचा कारकून दारात आला, माहिती भरली, आणि मॅडिसनच्या नावाजवळ त्याने आपल्या मनाने एक ओळ टाकली : हा माणूस थॉमस जेफरसनचा मुलगा आहे. रकान्यात त्यासाठी जागा नव्हती. तरी लिहिली. मी आयुष्यभर शेऱ्याच्या रकान्यावर माणसांची भांडणं मिटवलीत, पण असा शेरा पाहिला नाही. तीन वर्षांनी शेजारच्या काउंटीतल्या एका वर्तमानपत्राला मॅडिसनने सगळी हकीकत सांगितली, आजीच्या बापापासून. आज या घराण्याबद्दल जे माहीत आहे त्यातलं अर्धं त्या एका मुलाखतीतून येतं. म्हणून माझं तुमच्या जावयांना सांगणं : हसून विषय बदलू नका. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईसमोर बसा आणि फोन सुरू ठेवा.

कागदांचं थोडक्यात सांगतो. १८८० च्या जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलंय, १८७० च्या नाही. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचायच्या. १८९० ची शोधू नका, ती १९२१ च्या आगीत बहुतेक सगळी गेली. १८६५ ते १८७४ पर्यंत मुक्त झालेल्यांसाठी एक बचत बँक होती. ती बुडाली आणि गरिबांचे पैसे गेले, पण खातं उघडताना ती आईबाप, भावंडं, जन्मगाव, कधी जुना मालकही विचारायची, त्यामुळे तिच्या वह्या आज सोन्याच्या झाल्यात. आणि व्हर्जिनियाची खास गोष्ट : गुलामांचं लग्न कायद्याने लग्न नव्हतं. १८६६ मध्ये कायदा झाला की जे नवराबायकोसारखे राहत होते ते नवराबायको, मुलं औरस. त्याच्या नोंदवह्या काउंटीवार झाल्या : नवरा, त्याचा शेवटचा मालक, बायको, तिचा शेवटचा मालक, मुलं, आणि एकत्र राहायला कधी लागले. काही काउंटींच्याच वह्या टिकल्यात, पण ज्यांच्या टिकल्या त्यांना भिंतीत दार मिळालं. रिचमंडच्या राज्य ग्रंथालयात त्या आहेत. पोस्टमन साहेबांना शेवटी तिथेच पणजी मिळाली. दोन मालक वेगळे, दोन गावं वेगळी, आणि 'एकत्र राहायला लागले' पुढे १८४९. माणूस दर शनिवारी चालत बायकोला भेटायला जात असणार. तो कागद त्यांनी मला मोठ्याने तीनदा वाचायला लावला.

आता तुमचं बायबलाचं पान. दक्षिणेत घरचं मोठं बायबल म्हणजे जन्म, लग्न आणि मृत्यूची नोंदवही. मधे त्यासाठी कोरी पानं छापलेलीच असतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत जन्मांच्या यादीत पहिल्या तीन ओळी एका शाईने आणि एकाच हाताने लिहिलेल्या दिसतात. म्हणजे त्या जन्माच्या वेळी लिहिलेल्या नाहीत, नंतर आठवून एकदम लिहिल्या आहेत. साल एखाद-दोन वर्षं इकडेतिकडे धरा. दुसरं, तिसऱ्या ओळीखाली समासात पुसट पेन्सिलीने एक बाईचं नाव आहे, आडनावाशिवाय, आणि त्यापुढे एका काउंटीचं नाव. ते नाव यादीत कुठेच नाही. मुलीने बहुतेक खाडाखोड समजून सोडलं असेल. माझ्या अंदाजाने ती यादीतल्या पहिल्या माणसाची आई. मी पैज लावत नाही. पण जावयांना सांगा, त्या काउंटीची १८६६ ची वही टिकली आहे का ते आधी पाहा, आणि शोधताना आडनाव टाकू नका. त्या पानाचा दोन्ही बाजूंनी तिरप्या उजेडात फोटो काढायला सांगा. पेन्सिल अशी जास्त दिसते.

प्रश्न : सॅली हेमिंग्जच्या मुलांचा बाप जेफरसनच, हे डीएनएने सिद्ध झालंय असं आम्हाला वर्गात सांगितलं. मित्र म्हणतो सिद्ध झालेलं नाही. कोण बरोबर? – एम.एस्सी.चा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : तुम्ही दोघे थोडे थोडे. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. जेफरसनला लग्नाचा जगलेला मुलगा नव्हता, म्हणून त्याच्या चुलत्याच्या पुरुष वंशजांचं रक्त घेतलं. १९९८ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात निकाल आला : एस्टन हेमिंग्जच्या पुरुष वंशजाचं वाय त्यांच्याशी जुळलं. जेफरसनच्या नातवंडांनी ज्यांच्याकडे बोट दाखवलं होतं त्या कार आडनावाच्या भाच्यांच्या घराण्याशी नाही जुळलं. आणि जेफरसनचे वंशज असल्याचं पिढ्यानपिढ्या सांगणारं आणखी एक कृष्णवर्णीय घराणं, वुडसन, त्यांचंही जुळलं नाही. त्यांना वाईट वाटलं असणार, पण चाचणी ही अशीच, दोन्हीकडून कापते.

आता मित्राचा मुद्दा. वाय एवढंच सांगतं की बाप जेफरसन घराण्यातला पुरुष. कुठला ते सांगत नाही. धाकटा भाऊ रँडॉल्फ होता, त्याचे मुलगे होते. इथे कागद लागतात. जेफरसन प्रवासाच्या तारखा टिपून ठेवायचा, आणि सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या जन्माच्या सुमारे नऊ महिने आधी, म्हणजे दिवस गेले तेव्हा, तो मॉन्टिचेलोवरच होता. तो बाहेर असताना तिला कधी दिवस गेले नाहीत. मॅडिसनची साक्ष १८७३ ची. हे सगळं एकत्र धरून मॉन्टिचेलो सांभाळणाऱ्या संस्थेने २००० साली मान्य केलं की बाप तोच असण्याची शक्यता फार मोठी. काही अभ्यासकांना ते पटलेलं नाही. जेफरसनच्या लग्नाच्या वंशजांची एक संघटना आहे, तिच्या ताब्यात तिथलं घराण्याचं दफनस्थान आहे. तिने २००२ मध्ये हेमिंग्ज वंशजांना सदस्यत्व नाकारलं. माझं मत विचारशील तर, वारसनोंदीच्या दाव्यात इतका पुरावा समोर आला असता तर मी नोंद मंजूर केली असती आणि अपिलाची वाट पाहत बसलो असतो.

मॅडिसनच्या बाजूने चाचणी का नाही झाली हेही विचारून ठेवतोस असं गृहीत धरतो. त्याची पुरुषांची फांदी पुढे चालली नाही. त्याचा एक मुलगा कॅन्ससमधल्या लष्करी दफनभूमीत पुरलेला आहे. त्याला उकरून हाड तपासू का असं विचारलं गेलं तेव्हा मॅडिसनच्या वंशजांनी नकार दिला. आमची आजी खोटं बोलत नव्हती, हे आम्हाला तपासायचं नाही, अशी त्यामागची भावना. मला ती समजते.

प्रश्न : सख्खे भाऊ असून मॅडिसनचं घराणं काळं आणि एस्टनचं गोरं कसं? – गृहिणी, डोंबिवली

उत्तर : मॅडिसन मिश्रवर्णीय म्हणूनच राहिला. त्याची मुलगी एलन, तिचा मुलगा फ्रेडरिक मॅडिसन रॉबर्ट्स. हा १९१८ साली कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत निवडून आलेला पहिला कृष्णवर्णीय. एस्टन फिडल उत्तम वाजवायचा. तो आधी ओहायोत चिलिकॉथी गावी राहिला. तिथे सगळ्यांना माहीत होतं, मतदानाचा अधिकार नव्हता, मुलांना शाळेत अडचण. १८५२ च्या सुमारास बिऱ्हाड उचलून विस्कॉन्सिनला गेला आणि गाव बदलताना नावही बदललं : एस्टन एच. जेफरसन. मधलं 'एच' तेवढं हेमिंग्जचं उरलं. गोरा म्हणून जगला, १८५६ मध्ये गेला. मुलगा जॉन वेल्स जेफरसन यादवी युद्धात विस्कॉन्सिनच्या आठव्या पायदळ पलटणीचा कर्नल झाला. चिलिकॉथीचा एक ओळखीचा माणूस युद्धात त्याला भेटला, तेव्हा कर्नलने त्याला विनवलं की माझ्या रक्ताबद्दल इथे कुणाला बोलू नकोस. नंतर तो मेम्फिसमध्ये कापसाचा मोठा दलाल झाला. दक्षिणेत, कापसात. पुढच्या पिढ्यांना घरात सांगितलं गेलं की आपण जेफरसनच्या एका चुलत्याचे वंशज. अर्थात खोटं रचतानाही आडनाव खरं ठेवलं म्हणून १९७० नंतर एका वंशज बाईंना एका चरित्रात आपल्याच आजोबा-पणजोबांची नावं दिसली आणि धागा परत हाती आला.

प्रश्न : आपल्या मासिकात परक्या देशातल्या अनैतिक संबंधांची चर्चा कशासाठी? स्वतःच्या थोर घराण्यांची माहिती द्या. – एक जुने वर्गणीदार, सातारा

उत्तर : मिरजेची दहा वर्षांची नात परकी नाही. थोर घराण्यांचं पुढच्या अंकात पाहू.

प्रश्न : आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत पुन्हा छापतोय. जुन्या आवृत्तीत मुलींची लग्नापर्यंतचीच माहिती आहे, सुनांचं माहेर काही ठिकाणी नाही. सगळं घ्यायचं तर दीडशे पानं वाढतात. समितीत मतभेद आहेत. – संपादक, रत्नागिरी

उत्तर : मिरजेच्या ताईंचं उत्तर लिहिताना हेच डोक्यात होतं. व्हर्जिनियातल्या मालकाच्या वहीत आई सापडते आणि बाप सापडत नाही. तुमच्या कुलवृत्तांतात सतरा पिढ्या बाप सापडतो आणि आईच्या जागी 'भार्या लक्ष्मी' एवढंच. कुठली लक्ष्मी, कुणाची, काही नाही. खात्यात असताना मी शेकडो फेरफार पाहिले, ज्यांत बापाच्या मृत्यूनंतर बहिणींची नावं वारस म्हणून चढतात आणि पुढच्याच पानावर हक्कसोडपत्राने उतरतात. दोन नोंदींत कधी पंधरा दिवसांचं अंतर. गावोगावच्या पोरींच्या हयातीचा कित्येकदा तेवढाच सरकारी पुरावा. तुमच्या जुन्या आवृत्तीत ज्या सुनांचं माहेर नाही, त्यांच्यासाठी फेरफार बुकं पाहा, बहिणींची सासरची नावं तिथे असतात, म्हणजे उलट बाजूने तुमच्या सुनांची माहेरं जुळवता येतील.

पानांचं म्हणाल तर दीडशे फार होतील असं मला वाटत नाही. देणगीदारांचे फोटो सुरुवातीला चाळीस पानं आहेत, ते आधी आठ पानांत बसवून बघा. आणि विवाहित मुलीच्या नावापुढे बाण काढून सासरचं गाव तेवढं टाका. पुढे कुणाची तरी नात शोधत येईल, तिला तो बाण पुरेल.